बाजार, मतपेटी आणि रस्ता : बोलिव्हियाची कहाणी

लोकशाही आणि खुली बाजारपेठ ही एकाच आईची लेकरे आहेत, असे विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात आपण सर्वांनी पुष्कळदा ऐकले. १९८९ साली बर्लिनची भिंत पडली, १९९१ साली सोव्हिएत संघराज्य लयाला गेले आणि त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात आपल्या देशानेही अर्थव्यवस्थेची कवाडे उघडली. तेव्हापासून या दोन भावंडांचे आपसात पटते की नाही, हा प्रश्न विचारणेच काहीसे अप्रशस्त मानले जाऊ लागले. इतिहासाची पाने चाळताना आम्हांला मात्र असे आढळले, की ही भावंडे एका घरात नांदत असली तरी त्यांच्या चुली पुष्कळदा वेगळ्या असतात. आणि घरात धान्य कमी पडले की अंगणातली भांडणे रस्त्यावर येतात. ही भांडणे कशी येतात, केव्हा येतात आणि कधी कधी वर्षानुवर्षे का येत नाहीत, हे समजून घ्यायचे असेल तर दक्षिण अमेरिकेतील बोलिव्हिया या देशाकडे वळावे लागते.

बोलिव्हिया आकाराने आपल्या महाराष्ट्राच्या साडेतीनपट आहे. लोकसंख्या मात्र १९८५ साली साठ लाखांच्या आसपास, म्हणजे तेव्हाच्या एकट्या मुंबईहूनही कमी. देशाला समुद्रकिनारा नाही. जो होता तो १८७९ साली सुरू झालेल्या युद्धात चिलीने घेतला. अँडीज पर्वताच्या उंच पठारावर आयमारा आणि केचुआ भाषा बोलणारे मूळ रहिवासी, खाणींत चांदी आणि नंतर कथील, आणि बहुसंख्य जनता कॅथॉलिक. अशा या दूरच्या देशाची निवड आम्ही एका विशेष कारणासाठी केली आहे. बाजारपेठ मुक्त करण्याचा पहिला मोठा प्रयोग चिलीत १९७५ नंतर झाला खरा, पण तो जनरल पिनोशे यांच्या बंदुकीच्या धाकाखाली झाला. तेथे रस्त्यावर येण्याची सोयच नव्हती. बोलिव्हियात हेच औषध निवडून आलेल्या सरकारने दिले, आणि लोकशाहीतही हे करता येते याचा दाखला म्हणून जगभर त्याचा गौरव झाला. तो दाखला कितपत खरा होता, हे पाहण्यासाठी पुढची पंचवीस वर्षे न्याहाळली पाहिजेत.

या देशाला लोकशाही फुकट मिळालेली नव्हती. १९७१ पासून जनरल उगो बान्सेर यांची हुकूमशाही होती. २८ डिसेंबर १९७७ रोजी खाणकामगारांच्या चार बायका आपल्या मुलाबाळांसह ला पास येथील आर्चबिशपांच्या निवासस्थानी उपोषणाला बसल्या. राजकीय निर्वासितांना माफी द्यावी, खाणींतून सैन्य हलवावे आणि काढून टाकलेल्या कामगारांना परत घ्यावे, एवढेच त्यांचे मागणे होते. पहिल्या दिवशी त्यांच्याकडे कोणी फारसे गांभीर्याने पाहिले नाही. परंतु दिवसागणिक चर्चमध्ये, शाळांत, कचेऱ्यांत लोक उपोषणाला बसू लागले आणि त्यांची संख्या हजाराच्या वर गेली. त्यांत लुईस एस्पिनाल हे येशूसंघीय धर्मगुरूही होते. जानेवारी १९७८ मध्ये हुकूमशहाला नमावे लागले. पुढे मार्च १९८० मध्ये फादर एस्पिनाल यांचे अपहरण करून त्यांची हत्या करण्यात आली. साल्वादोरचे आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांच्या बलिदानाच्या अवघे दोन दिवस अगोदरची ही घटना. ज्या ठिकाणी फादर एस्पिनाल यांचा मृतदेह सापडला होता, तेथे २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी आपली गाडी थांबवून प्रार्थना केली. लोकशाही परत आली ती ऑक्टोबर १९८२ मध्ये. ती संपाने, उपोषणाने आणि रक्ताने मिळवलेली होती, ही गोष्ट वाचकांनी पुढील हकीकत वाचताना ध्यानात ठेवावी.

दुर्दैवाने या लोकशाहीच्या पाळण्यातच महागाईचा साप निघाला. राष्ट्राध्यक्ष एर्नान सिलेस स्वासो हे सज्जन गृहस्थ, परंतु तिजोरी रिकामी, परदेशी कर्जाचा बोजा भारी आणि संसदेत बहुमत नाही. सरकार नोटा छापून खर्च भागवू लागले. ऑगस्ट १९८४ ते ऑगस्ट १९८५ या एका वर्षात किमती वीस हजार टक्क्यांहून अधिक वाढल्या. हा आकडा कागदावर वाचून काही बोध होत नाही. पगाराच्या नोटा पोत्यात भरून न्याव्या लागत आणि सकाळी घेतलेला पगार संध्याकाळपर्यंत खर्च केला नाही तर त्याचे मोल उरत नसे, एवढे सांगितले म्हणजे गृहिणींना त्याचा अर्थ कळेल. गरिबाला महागाईइतका निर्दय कर दुसरा नाही. पुढे जे कडू औषध आले, त्याला लोकांनी आरंभी का सोसले याचे उत्तर येथे आहे. आर्थिक सुधारणांवर टीका करणारे आमचे अनेक मित्र हा अध्याय वगळून पुढे जातात, ते आम्हांला न्याय्य वाटत नाही.

सिलेस यांनी मुदतीच्या एक वर्ष आधीच सत्ता सोडली. जुलै १९८५ च्या निवडणुकीत सर्वांत जास्त मते कोणाला मिळाली? त्याच जुन्या हुकूमशहा बान्सेर यांना! परंतु कोणालाच स्पष्ट बहुमत नसल्याने निवड संसदेने केली आणि व्हिक्टर पास एस्तेन्सोरो राष्ट्राध्यक्ष झाले. हे नाव बोलिव्हियात गांधी-नेहरूंच्या पंक्तीत घेतले जाई, असे म्हटले तरी फारशी अतिशयोक्ती होणार नाही. १९५२ च्या क्रांतीचे ते नायक. कथिलाच्या खाणी त्यांनीच राष्ट्राच्या मालकीच्या केल्या, निरक्षर मूळ रहिवाशांना मताचा हक्क त्यांनीच दिला, जमीनदारी त्यांनीच मोडली. आता सत्तरी उलटलेल्या या गृहस्थाने ६ ऑगस्ट रोजी शपथ घेतली आणि २९ ऑगस्ट १९८५ रोजी २१०६० क्रमांकाचा अध्यादेश काढून आपल्याच हातांनी बांधलेली वास्तू उतरवायला घेतली. किमतींवरची नियंत्रणे उठली, चलनाचा दर मोकळा सोडला गेला, सरकारी नोकरांचे पगार गोठले, कामगारांना कमी करण्याची मालकांना मुभा मिळाली आणि पेट्रोलच्या किमती एका रात्रीत कित्येक पटींनी वाढल्या. या योजनेमागे हार्वर्ड विद्यापीठाचे तरुण अर्थशास्त्रज्ञ जेफ्री सॅक्स यांचा सल्ला होता, आणि गमतीचा भाग असा, की त्यांना मुळात पाचारण केले होते ते बान्सेर यांच्या मंडळींनी. संसदेने ज्याला निवडले नाही त्याची योजना ज्याला निवडले त्याने राबवली.

महागाई थांबली, हे निर्विवाद. ऑक्टोबर महिन्यात किमती वाढायच्या राहिल्या. १ जानेवारी १९८७ रोजी दहा लाख जुन्या पेसोंच्या बदल्यात एक नवा बोलिव्हियानो असे नवे चलन आले आणि ते टिकले. जगातील अर्थपंडितांनी टाळ्या वाजवल्या. परंतु त्या टाळ्यांच्या आवाजात दुसरा एक आवाज बुडाला. कामगार महासंघाने सप्टेंबर १९८५ मध्ये सार्वत्रिक संप पुकारला, पुढारी उपोषणाला बसले. तेव्हा सरकारने आणीबाणी जाहीर केली आणि संघाच्या पुढाऱ्यांना उचलून दूरच्या जंगलातील ठाण्यांवर हद्दपार केले. लोकशाहीत हे औषध देता येते असा जो दाखला जगाला देण्यात आला, त्याच्या तळटीपेत ही आणीबाणी लिहिली जायला हवी होती.

दुसरा घाव दैवाने घातला. ऑक्टोबर १९८५ मध्ये लंडनच्या बाजारात कथिलाचा भाव कोसळला. सरकारी खाणी आधीच तोट्यात होत्या, आता त्या बंद करायला निमित्त मिळाले. तीस हजार कामगारांपैकी वीस हजारांहून अधिक जणांना घरी बसवण्यात आले. सरकारी भाषेत याला ‘स्थलांतर’ म्हणत. राज्यकर्त्यांना शब्द फार सोयीचे सापडतात. ऑगस्ट १९८६ मध्ये खाणकामगार, त्यांच्या बायका आणि मुले ओरुरो शहरातून राजधानीच्या दिशेने पायी निघाले. अंतर सव्वादोनशे किलोमीटरच्या पुढे, मार्ग बारा-तेरा हजार फूट उंचीच्या पठारावरून, आणि ऋतू तिकडचा हिवाळा. ‘जीवनासाठी पदयात्रा’ असे तिचे नाव. ला पास साठेक किलोमीटरवर राहिले असताना कालामार्का या गावी २८ ऑगस्ट रोजी सैन्याने रणगाड्यांसह त्यांना घेरले. पुन्हा आणीबाणी जाहीर झाली. यात्रेकरूंनी रक्तपात टाळण्याचे ठरवले आणि ते खाणींकडे परतले. ज्या संघटनेने हुकूमशहांना पळवून लावले होते, तिचा कणा लोकनियुक्त सरकारच्या कारकिर्दीत मोडला.

यानंतरची जवळजवळ चौदा वर्षे हा देश शांत दिसत होता. या शांततेचा अर्थ काय लावायचा, यावर विद्वानांत दोन तट आहेत. एका पक्षाचे म्हणणे असे, की खुला बाजार लोकांना विखरून टाकतो. कारखाना नाही, युनियन नाही, प्रत्येकजण आपापल्या टपरीवर पोट भरतो, मग संप कोणाविरुद्ध करायचा? दुसरा पक्ष म्हणतो, की जेथे मताचा आणि सभेचा हक्क शाबूत आहे तेथे दुखावलेले लोक आज ना उद्या नवी संघटना उभी करतातच. आमच्या मते बोलिव्हियाने दोन्ही पक्षांना आळीपाळीने खरे ठरवले. कारण खाणीतून उठलेले ते हजारो कुटुंबप्रमुख हवेत विरले नाहीत. काही जण राजधानीच्या डोक्यावर वसलेल्या एल आल्तो या वस्तीत गेले, काही कोचाबांबा शहराच्या दक्षिणेकडील उजाड टेकड्यांवर, तर काही चापारेच्या जंगलात कोका पिकवायला. जाताना त्यांनी बिछान्याच्या वळकटीबरोबर सभा घेण्याची, वर्गणी गोळा करण्याची, पाळीपाळीने पहारा देण्याची सवयही नेली. गल्ली-गल्लीत रहिवाशांच्या समित्या उभ्या राहिल्या. त्यांचे मागणे पगाराचे नव्हते. नळाचे, दिव्याचे, शाळेचे होते.

मतपेटीचे काय झाले, हेही येथेच सांगितले पाहिजे. १९८९ च्या निवडणुकीत तिसऱ्या क्रमांकावर आलेले डाव्या विचारांचे हाइमे पास सामोरा राष्ट्राध्यक्ष झाले ते बान्सेर यांच्या पाठिंब्यावर, ज्यांच्या राजवटीशी ते एके काळी झगडले होते त्यांच्याच. १९९३ साली गोन्सालो सांचेस दे लोसादा आले. १९८६ पासून नियोजनमंत्री म्हणून जुनी योजना यांनीच चालवली होती. १९९७ साली खुद्द बान्सेर निवडून आले. पक्ष बदलले, चेहरे बदलले, आर्थिक धोरण तेच राहिले. तेल, वीज, रेल्वे, दूरध्वनी यांच्या सरकारी कंपन्यांचा निम्मा वाटा परदेशी भांडवलदारांच्या हाती गेला. मतदाराने कोणत्याही चिठ्ठीवर शिक्का मारला तरी निकाल एकच लागत असेल, तर तो मतदार शिक्क्याखेरीज दुसरे काही शोधू लागतो.

कोचाबांबा या नावाचा केचुआ भाषेतील अर्थ ‘तळ्यांचे मैदान’. दैवाची थट्टा अशी, की हे शहर पाण्यासाठी सदैव तहानलेले. पाच लाख वस्तीपैकी निम्म्याहून थोड्याच अधिक लोकांकडे नगरपालिकेचा नळ होता. उरलेल्यांनी काय करावे? कोणी शेजाऱ्यापाजाऱ्यांनी मिळून विहीर खोदली, कोणी सहकारी संस्था काढली, आणि टेकडीवरचे गरीब टँकरवाल्याकडून पाणी विकत घेत राहिले. सर्वांत महाग पाणी सर्वांत गरिबाच्या वाट्याला! वसई-विरारच्या आमच्या भगिनींना या वाक्याचा निराळा खुलासा करण्याची गरज नाही. १९९९ च्या सप्टेंबरात सरकारने या शहराचा पाणीपुरवठा ‘आग्वास देल तुनारी’ या कंपनीला चाळीस वर्षांसाठी दिला. निविदा भरणारी ही एकटीच होती. तिच्यात अमेरिकेतील बेक्टेल या बलाढ्य कंपनीचा मोठा वाटा होता. भांडवलावर वर्षाला सोळा टक्क्यांच्या आसपास नफ्याची हमी करारातच लिहिलेली. शिवाय मिसिकुनी धरणाचा बोगदा आणि बांध यांचा खर्चही ग्राहकांच्या पाणीपट्टीतून काढायचा होता. हे धरण भलतेच खर्चाचे आहे असे जागतिक बँकेचेही मत होते. स्थानिक पुढाऱ्यांना मात्र ते हवेच होते. त्याच बँकेने पाणीपट्टीची वाढ सौम्य करण्यासाठी सरकारी अनुदान देऊ नये असाही सल्ला दिला होता. म्हणजे दोष एकट्या परदेशी कंपनीचा होता असे मानणेही भाबडेपणाचे होईल. पोळी भाजून घेणारे घरातलेही होते.

पाठोपाठ ऑक्टोबरमध्ये पाण्याविषयीचा २०२९ क्रमांकाचा कायदा आला. कंपनीच्या हद्दीत तिचा एकाधिकार राहील असे त्यात होते. लोकांनी स्वतःच्या घामाने खोदलेल्या विहिरींवरही उद्या मीटर बसणार, पावसाचे पाणी साठवायलाही परवाना लागणार, अशी भीती खेड्यापाड्यांत पसरली. शेतकऱ्यांच्या पाटपाण्याच्या संघटना, चप्पल-कारखान्यातून आलेले कामगार पुढारी ओस्कार ओलिव्हेरा, वकील, अभियंते, विद्यार्थी, अशी सगळी मंडळी नोव्हेंबरात ‘पाणी आणि जीवन संरक्षण समिती’ या नावाखाली एकत्र आली. जानेवारी २००० मध्ये नवी बिले घरोघर पोहोचली. कोणाचे बिल दीडपट झाले, कोणाचे दुप्पट, कोणाचे त्याहून अधिक. महिन्याला सत्तर डॉलरही कमाई नसलेल्या घरात पाण्यावर पंधरा-वीस डॉलर द्यायचे म्हणजे मुलांच्या ताटातले काढायचे. लोकांनी बिले चौकात जाळली.

पुढचे तीन महिने जे घडले त्याला ‘पाण्याचे युद्ध’ असे नाव पडले. फेब्रुवारीत शहराच्या मुख्य चौकात शांततेने जमण्याचे ठरले, तर सरकारने पोलीस पाठवले आणि दोन दिवस अश्रुधुराने शहर कोंडले. पावणेदोनशे लोक जखमी झाले. समितीने यावर काढलेला तोडगा आम्हांला या साऱ्या प्रकरणात सर्वांत अर्थपूर्ण वाटतो. २६ मार्च रोजी तिने चौकाचौकांत स्वतःच मतपेट्या मांडल्या. पन्नास हजारांच्या जवळपास लोकांनी मत दिले आणि त्यांतील शंभरात पंचाण्णवांहून अधिक लोकांनी करार रद्द करा असे सांगितले. सरकारने हे मतदान बेकायदेशीर म्हणून झटकले. कायद्याच्या दृष्टीने ते खरेही होते. पण ज्यांना दगडफेक करणारा जमाव म्हणून हिणवले जात होते, त्यांनी मतपेटीलाच पुन्हा हाक घातली होती.

एप्रिलच्या ४ तारखेपासून शहर बंद पडले. वाटाघाटीसाठी बोलावलेल्या पुढाऱ्यांनाच अटक झाली. कोचाबांबाचे आर्चबिशप तितो सोलारी मध्यस्थीसाठी दोन्ही बाजूंकडे येरझाऱ्या घालत होते. ७ तारखेला प्रांताच्या राज्यपालांनी करार रद्द होत असल्याचे जाहीर केले, लोकांनी आनंद केला आणि राजधानीतून तत्काळ इन्कार आला. राज्यपालांनी राजीनामा दिला. दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्ष बान्सेर यांनी देशभर आणीबाणी पुकारली. बावीस वर्षांपूर्वी खाणकामगारांच्या बायकांपुढे नमलेले हेच ते बान्सेर. त्या दिवशी सतरा वर्षांचा एक मुलगा गोळी लागून ठार झाला. साध्या वेषातील एक लष्करी अधिकारी जमावाच्या दिशेने नेम धरत असल्याचे चित्र दूरचित्रवाणीवर सबंध देशाने पाहिले. पुढे लष्करी न्यायालयाने त्या अधिकाऱ्याला निर्दोष सोडले. १० एप्रिल २००० रोजी सरकारने करार रद्द करण्याच्या कागदावर सही केली आणि २०२९ चा कायदा दुरुस्त करण्याचे मान्य केले.

येथे कोकणातील एका प्रकरणाची आठवण झाल्याशिवाय राहत नाही, आणि ती केवळ साम्याची आठवण नाही. गुहागर तालुक्यातील दाभोळ वीज प्रकल्पात एनरॉनचा वाटा सुरुवातीला ऐंशी टक्के होता, आणि उरलेल्यांपैकी दहा टक्के याच बेक्टेलचे होते. एनरॉनही बोलिव्हियाला अनोळखी नव्हती. तेथील तेल-वायूच्या नळवाहिन्यांच्या खासगीकरणात शेल कंपनीबरोबर तीच उतरली होती. सोळा टक्के नफ्याची हमी आपल्याही वीजधोरणात होती. १९९५ च्या विधानसभा निवडणुकीत एनरॉन हा प्रचाराचा विषय झाला, सत्तांतर झाले, ऑगस्टमध्ये करार रद्द झाला आणि काही महिन्यांत तोच करार नव्या अटींनी परत आला. १९९७ साली वेलदूरच्या कोळी बांधवांनी व भगिनींनी आणि आसपासच्या गावांनी पोलिसांच्या लाठ्या खाल्ल्या. तरीही प्रकल्प उभा राहिला. तो बंद पडला २००१ साली, वीज मंडळाला विजेचे दाम परवडेनात तेव्हा. त्या वर्षाच्या अखेरीस एनरॉनचेच दिवाळे निघाले. एकाच कंपनीविरुद्ध लढलेल्या दोन जनतांची ही निरनिराळी नशिबे का? गुहागरचे गाऱ्हाणे चार गावांचे राहिले, मुंबईच्या दिव्यांना त्याची झळ उशिरा लागली. कोचाबांबात मात्र शेतकऱ्याची विहीर आणि शहरवासीयाचे बिल एकाच वेळी धोक्यात आले.

कोचाबांबानंतर धरणाला भगदाड पडल्यासारखे झाले. २००२ साली सांचेस दे लोसादा पुन्हा निवडून आले. फेब्रुवारी २००३ मध्ये तूट भरून काढण्यासाठी त्यांनी पगारावर कर बसवला, तेव्हा पोलीसच बंड करून उठले आणि राजधानीच्या चौकात पोलीस व सैन्य यांनी एकमेकांवर गोळ्या झाडल्या. सप्टेंबरात नैसर्गिक वायू चिलीच्या बंदरातून अमेरिकेला विकण्याचा बेत बाहेर आला. ज्या चिलीने आपला समुद्र घेतला, त्याच्याच बंदरातून आपला वायू जाणार! एल आल्तोच्या साडेसहा लाख लोकांनी राजधानीकडे उतरणारे रस्ते अडवले. त्याच कड्यावरून १७८१ साली तुपाक कातारी याने स्पॅनिश ला पासला वेढा घातला होता, हे तेथील शाळकरी पोरालाही ठाऊक असते. ऑक्टोबरात सैन्याच्या पहाऱ्यात पेट्रोलचे टँकर खाली नेण्यासाठी वस्त्यांतून गोळ्या चालल्या. साठहून अधिक माणसे मेली. ओरुरोजवळच्या खाणींतून कामगार पुन्हा निघाले, आणि या वेळी कालामार्का त्यांना अडवू शकले नाही. राजधानीतील एका चर्चमध्ये आना मारिया रोमेरो दे काम्पेरो या माजी लोकपाल बाई उपोषणाला बसल्या आणि बघता बघता मध्यमवर्गीय स्त्री-पुरुष ठिकठिकाणच्या देवळांत त्यांच्यामागे बसले. १७ ऑक्टोबरला राष्ट्राध्यक्षांनी राजीनामा देऊन अमेरिका गाठली. मृतांच्या नातेवाइकांनी तेथील न्यायालयात लावलेला दावा २०२३ साली तडजोडीने मिटला.

या संघर्षाच्या लाटेवर चापारेच्या कोका उत्पादकांचे पुढारी एव्हो मोरालेस डिसेंबर २००५ मध्ये निम्म्याहून अधिक मते मिळवून राष्ट्राध्यक्ष झाले. १९८२ नंतर पहिल्यांदाच कोणाला असे स्पष्ट बहुमत मिळाले होते. रस्त्यावरची शक्ती मतपेटीत परतली होती. १ मे २००६ रोजी त्यांनी वायूचे क्षेत्र राष्ट्राच्या ताब्यात घेतले. त्याच वर्षी जानेवारीत बेक्टेल आणि तिच्या भागीदारांनी बोलिव्हियाविरुद्ध आंतरराष्ट्रीय लवादात लावलेला सुमारे अडीच कोटी डॉलरांचा दावा मागे घेतला. मोबदला म्हणून कंपनीचे समभाग बोलिव्हियाने विकत घेतले, दोन बोलिव्हियानोंना. आपल्या हिशेबाने तेव्हाचे दहा-बारा रुपये.

कथा येथे संपवली तर वाचायला गोड लागेल, परंतु ती अपुरी राहील. कोचाबांबाचा पाणीपुरवठा नगरपालिकेकडे परत आला. त्याबरोबर तिथली जुनी वशिलेबाजी आणि गळके नळही परत आले. दक्षिणेकडच्या टेकड्यांवर टँकर पुढेही चढत राहिले. मिसिकुनी धरणाचे उद्घाटन व्हायला २०१७ साल उजाडले. करार रद्द करणे हे तीन महिन्यांचे काम होते, नळ टाकणे हे तीन पिढ्यांचे, असे त्या समितीतल्या मंडळींनाही पुढे उमगले असेल. १९९१ साली निघालेल्या ‘चेंतेसिमुस आन्नुस’ या परिपत्रकात पोप जॉन पॉल दुसरे यांनी बाजाराची कार्यक्षमता मोकळ्या मनाने मान्य करून, ज्या मूलभूत मानवी गरजा बाजारात भागत नाहीत त्या भागवण्याचे कर्तव्यही तितक्याच स्पष्टपणे सांगितले आहे. ते कर्तव्य शेवटी कोणत्या कचेरीने, कोणत्या पैशाने पार पाडायचे, हा प्रश्न मात्र प्रत्येक नगरपालिकेला स्वतःच सोडवावा लागतो.

आणि मोरालेस यांचे काय झाले? इंधनावरचे सरकारी अनुदान तिजोरीला झेपेना, म्हणून २६ डिसेंबर २०१० रोजी, नाताळच्या दुसऱ्याच दिवशी, त्यांच्या सरकारने ते काढून घेतले. पेट्रोल एका रात्रीत सत्तर टक्क्यांहून अधिक महागले. १९८५ च्या अध्यादेशातले हे एक कलम समाजवादी सरकारच्या सहीने परत आले होते. एल आल्तोत टोलनाके पेटले, बसवाल्यांनी गाड्या उभ्या केल्या, आणि ज्या संघटनांच्या खांद्यावर बसून मोरालेस सत्तेवर आले होते त्यांतल्या अनेक रस्त्यावर उतरल्या. पाच दिवसांनी, वर्षाच्या शेवटच्या रात्री, त्यांनी तो निर्णय मागे घेतला. पुढे वायूचे उत्पादन घटत गेले, बाहेरून आणलेले पेट्रोल-डिझेल स्वस्तात विकणे चालूच राहिले, आणि डॉलर संपत आले. मोरालेस यांना नोव्हेंबर २०१९ मध्ये वादग्रस्त निवडणुकीनंतरच्या आंदोलनात पद सोडावे लागले. त्यांच्या पक्षाचे सरकार वर्षभराने परत आले, ते २०२५ पर्यंत चालले. त्या वर्षी पेट्रोलपंपांपुढे रात्ररात्र रांगा लागत होत्या. १९ ऑक्टोबर २०२५ च्या फेरीत मतदारांनी रॉड्रिगो पास यांना निवडून दिले. १९८९ साली तिसऱ्या क्रमांकावरून राष्ट्राध्यक्ष झालेल्या हाइमे पास सामोरा यांचे ते चिरंजीव. नोव्हेंबरात शपथ घेतली तेव्हा त्यांच्या टेबलावरची पहिली फाईल इंधनाच्या अनुदानाचीच होती.